पाच फुटांची बाई आणि क्रूझर

ठाण्यात बाळकुमच्या एका चहाच्या टपरीवर दर रविवारी सकाळी आम्ही क्रूझर बाइकवाले जमायचो. एक म्हणायचा, "क्रूझर म्हणजे सहा फुटी माणसाची गाडी." दुसरा म्हणायचा, "ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये ही चालतच नाही." माझी उंची पाच फूट दोन इंच. दोनदा गाडी पाडल्यावर मलाही ते पटलं आणि मी ती विकायला काढलेली.

त्या रविवारी टपरीसमोर वळताना गाडी तिसऱ्यांदा आडवी झाली. मित्र हसत उचलायला धावले. तेवढ्यात माझ्याहूनही बुटकी, पन्नाशीची एक बाई आपल्या काळ्या क्रूझरवरून उतरली. तिने हेल्मेट काढलं, सावकाश वेणी सारखी केली आणि हातानेच सगळ्यांना थांबवलं.

"त्याची गाडी आहे ना? मग त्यालाच उचलू दे." माझ्याकडे वळून म्हणाली, "पाठ सीटला टेकव. जोर हातांनी नाही, पायांनी लाव. हां, आता मागे मागे चाल."

मी मागे चालत गेलो आणि दोनशे किलोची गाडी उभी राहिली!

"उंची कमी पडते हो माझी," मी म्हणालो.

"अरे, सीट बघ किती खाली आहे! ही गाडी आपल्यासारख्यांचीच. उंच माणसांचे गुडघे दुखतात हिच्यावर."

ती कशेळीच्या पुलाकडे निघून गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं. गाडी विकायचा विचार मी सोडला. त्याच दुपारी बायकोला मागे बसवून कल्याणजवळ मोहन्याला गेलो, "ही गाडी तुम्हाला झेपायची नाही" म्हणणाऱ्या सासऱ्यांच्या दारात ती उभी केली आणि मुद्दाम दोनदा हॉर्न वाजवला.