ड्युटीवाला मुलगा

आमच्या दिघाशीत ड्युटी म्हणजे मोठीच गोष्ट. शेतावर राबतो तो नुसता राबतो, पण भिवंडीला जातो तो ड्युटीला जातो! एकोणीसशे पंच्याहत्तरच्या आसपासचं सांगतोय. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटायची, "पोर ड्युटीवर हाय." ऐकणाऱ्याला वाटायचं, खुर्ची असेल, डोक्यावर पंखा असेल. कसली खुर्ची अन् कसला पंखा! भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या गल्लीत बारा-बारा तास कापड विणणाऱ्या लूमपाशी उभं राहायचं. सुताची तार तुटली, जोड. धोट्यातली कांडी संपली, बदल. परत तार तुटली, परत जोड. शेठ त्याला ड्युटी म्हणायचा, शेजारच्या लूमवरचा उत्तरेकडचा गडी मजदूरी म्हणायचा, आणि मी मनात काय म्हणायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या खडखडाटात बोललेलं ऐकू यायचं नाही. कानाशी जाऊन बोंब मारायची, नाहीतर समोरच्याच्या ओठांकडे बघायचं. 'चाय' ओठांवरून कळायचं, 'पगार' तर लांबूनही कळायचा. काही वर्षांत ड्युटी सुटल्यावरही मी माणसांच्या तोंडाकडेच बघायला लागलो. तोंड दिसलं नाही तर नुसती गुणगुण. कान निकामी होत चाललेत हे मला कळत होतं, पण सांगणार कुणाला? गावात कळलं असतं तर मुलगी कोण देणार होतं? खोलीवर आम्ही सहा जण, पण मी परत यायचो तेव्हा बाकीचे शिफ्टला निघालेले असायचे. स्टोव्हवर खिचडी टाकायची, एकट्यानं गिळायची आणि पडायचं. जीव अगदी विटला होता. आपलं घर असावं, आपण आलो की दार उघडणारं कुणी असावं, एवढंच डोक्यात घोळायचं.

म्हणून मामानं अकलोलीचं स्थळ आणलं तेव्हा मी सुटी टाकली आणि इस्त्रीचा शर्ट घालून आई-मामाबरोबर गेलो. मुलगी पोहे घेऊन आली, पाटावर बसली, रीतीप्रमाणे मान खाली घालून. मामाचा आवाज खणखणीत, त्याचं सगळं कळलं. मग एकदम सगळे मुलीकडे बघायला लागले, आणि मग माझ्याकडे. मला वाटलं, मी खात नाही म्हणून बघतायत. मी बशी उचलली आणि पोहे खायला लागलो.

एसटीच्या थांब्यापाशी आई उखडली. "गिळीत बसलास मुकाट! ती पोर एवढा धीर करून बोलली, तुला तोंड न्हाय?"

"कधी बोलली?"

"कधी काय? 'लगीन झाल्यावर मला भिवंडीला नेणार, का गावातच सासूपाशी ठेवणार?' असं इचारलं तिनं. आन् तू पोहे खातोस!"

अरे, मला दुसरं काय हवं होतं? चपला हातात घेतल्या आणि आलेल्या वाटेनं पळत सुटलो. त्यांचं दार अर्धवट लोटलेलं होतं. मी अंगणातूनच ओरडलो, "नेणार! भिवंडीलाच नेणार!" किती मोठ्यानं, ते मला कसं कळणार? शेजारपाजारची माणसं बाहेर येऊन बघायला लागली. दाराआड तिच्या साडीचा काठ दिसत होता, तोंड दिसत नव्हतं. ती काहीतरी म्हणाली, मला नुसती गुणगुण. मी तसाच उभा राहिलो, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. मागून धापा टाकत मामा आला आणि दंडाला धरून मला घेऊन गेला.

आठवड्याभरानं मामाकडे निरोप आला. मुलगा ड्युटीवाला आहे, बाकी सगळं ठीक, पण फार तापट. दारात येऊन ओरडतो.

आईनं चुलीत लाकूड सारलं. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "तू वरडलास तवा ती आतनं काय बोलली का रं?"

"काय न्हाय," मी म्हटलं.