अ‍ॅसिडात पडलेला फोर्क

सकाळी आठलाच इतवारीत ऊन चटके देत होतं. रंगारी जागेश्वर आणि त्याची बायको अनुसया सायकलींचे पुढचं चाक धरणारे गंजलेले फोर्क अ‍ॅसिडच्या टाकीत बुडवत होते. गंज सुटल्याशिवाय लोखंड रंग धरत नाही. जागेश्वर चहाला वळला, तेवढ्यात अनुसयाने रांगेतला पुढचा नगही बुडवला.

टाकी उकळल्यासारखी फसफसली.

"काढ वं बाहेर! मॅग्नेशियम हाय ते, अ‍ॅसिड खाऊन टाकीन त्याले!"

बाबनरावांच्या विलायती मोटरसायकलच्या फोर्कचा तो पाय होता. तसा दुसरा या देशात मिळायचा नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. जागेश्वरने तो चिमट्याने ओढून पाण्याच्या हौदात टाकला. धुऊन पाहतो तर अंगभर देवीचे वण.

"तुमीच लोखंडाच्या रांगेत ठेवलं! काहून नाही सांगतलं मले?" अनुसया रडकुंडीला आली.

वरचे खड्डे पुट्टीने भरता आले असते. दांडा सरकतो ती आतली नळी खरवडली असेल, तर मात्र नग भंगारात. त्याने नळीच्या तोंडातलं बूच उपटलं आणि श्वास रोखून आत बोट फिरवलं. कोरडं, गुळगुळीत.

"बूच कोनं ठोकलं?"

"म्याच. मागावरच्या धोट्यात सुताची कांडी बसवतो तसं, दाबून."

"कोष्ट्याची पोर शोभतेस वं. पन हे खड्डे बाबनरावाले दाखवूनच भरू."

मग त्याने लोखंडी फोर्क उचलला आणि पॉलिशपेपरने घासायला घेतला.