भंगारात गेलेल्या पंपाचं बिल

दुपारी एक ते साडेतीन पोहण्याचा तलाव बंद असायचा. सकाळची मंडळी गेलेली, संध्याकाळची अजून यायची असायची. फरशीवरची ओली पावलं एकेक करून वाळून जायची. छताच्या काचांतून उतरलेलं ऊन पाण्यावर पडायचं आणि पाणी ते पुन्हा छताकडे पाठवायचं. रिकाम्या दालनात वर उजेडाची जाळी हलत राहायची. बघायला कोणी नसायचं. तलावकाका त्या वेळी खाली पंपघरात असायचे.

हे नाव मुलांनी ठेवलेलं. सव्वीस वर्षांत त्या मुलांची मुलं पोहायला येऊ लागली, नाव तेच राहिलं. काकांचं काम एकच, पाणी स्वच्छ ठेवायचं. पंपघरात जायला जिना नव्हता. जमिनीतलं लोखंडी झाकण उचलायचं आणि उभ्या शिडीने उतरायचं. अर्ध्या वाटेवर एक आडवी तुळई होती, नवा माणूस तिथे डोकं आपटायचाच. खाली एक दिवा, तीन व्हॉल्व्ह, वाळूने भरलेली फिल्टरची उंच टाकी आणि पंप. पंपाची घरघर पाच मिनिटांनी ऐकू येईनाशी व्हायची. मग आपण जागे आहोत की झोपेत, हे माणसाला कळायचं नाही. काकांना ते आवडायचं. हात मात्र चालू असायचे. ग्रीस भरणं, नट आवळणं, फडकं मारणं.

पाणी स्वच्छ असलं की त्याबद्दल कोणी काही बोलत नाही. गढूळ झालं की सगळे बोलतात. त्या वर्षी सगळे बोलत होते, कारण फिल्टरमधली वाळू थकली होती. वर्षानुवर्षं पाणी जाऊन जाऊन दाणे गुळगुळीत झाले होते, घाण धरत नव्हते. पाण्यावर दुधाची झाक आली होती. तळाच्या काळ्या रेषा वरून स्पष्ट दिसल्या नाहीत तर तपासणीवाले तलाव चालू ठेवू देत नाहीत. सुट्टीचा हंगाम महिन्यावर आला होता, तपासणी त्याच्या आधी. दोन वर्षं मागे लागून काकांनी नव्या वाळूचे पैसे मंजूर करून घेतले होते. हंगाम संपला की ते निवृत्त होणार होते. तळ दिसेल असं पाणी मागे ठेवून जायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

अशाच एका दुपारी पंपघरातला भिंतीवरचा फोन वाजला. कार्यालयातली माणसं जेवायला गेली की बाहेरचे फोन खाली लागायचे. पलीकडे एक सभ्य आवाज होता. पंपांच्या नोंदी नीट करायच्या आहेत, म्हणाला. तुमचा पंप कोण बघतं?

काका म्हणाले, मीच बघतो. किती वर्षं? सव्वीस.

"मग त्याला तुमच्याइतकं ओळखणारं दुसरं कोणी नसेल," तो आवाज म्हणाला.

सव्वीस वर्षांत हे कोणी म्हटलं नव्हतं. पंपाबद्दल कोणी विचारलंच नव्हतं. काका खुर्चीवर बसले आणि बोलू लागले. पंप बिडाचा, दोन माणसांना हलत नाही. सुरू होताना खाकरतो, मग घुमायला लागतो, जुना माणूस जेवण झाल्यावर घुमतो तसा. आवाजाने मध्येमध्ये हसून दाद दिली. नंबर विचारला, तो काकांनी समोरच्या पितळी पाटीवरून वाचून दाखवला. बिलांवर सही कोण करतं, कोणत्या दिवशी, हे विचारलं, तेही सांगितलं. यंदा वाळू बदलायची आहे, पैसे आलेत, हे न विचारताच सांगितलं. शेवटी नोंदीसाठी त्याने काकांचं पूर्ण नाव घेतलं. वीस मिनिटं गेली. फोन ठेवल्यावर काकांना आपण पाण्यावर उताणे पडलोय असं वाटलं, कान पाण्याखाली, वर नुसता उजेड.

घरी गेल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "कुठल्या कंपनीचा होता?"

"पंपाच्या."

"नाव काय त्याचं?"

नाव काकांनी विचारलं नव्हतं. माणूस सभ्य होता, एवढंच ते म्हणाले.

"माझ्याशी कधी सलग वीस मिनिटं बोलला नाहीत," बायको म्हणाली. "पंपाशीच लग्न लावायला हवं होतं तुमचं." आणि ती दिवा लावायला उठली. काका हसले. त्या दिवशी त्यांना कशाचंच काही वाटलं नसतं.

दहा-बारा दिवसांनी, शुक्रवारी, व्यवस्थापक मॅडमनी त्यांना वर बोलावलं. मॅडम तीन वर्षांपूर्वी आल्या होत्या. वयाने काकांच्या मुलीएवढ्या. कामाला चोख, पण अंगावर चार माणसांचं काम. पुढ्यात कागदांचा ढीग आणि हातात पेन. त्यांनी अवघडून सांगितलं की वाळू यंदा होणार नाही. पंपाच्या देखभालीच्या वार्षिक कराराचं नूतनीकरण राहून गेलं होतं. आज पाचच्या आत पैसे भरले नाहीत तर करार मोडतो आणि दंडासकट दुप्पट भरावे लागतात. करार नसेल तर तलावाचा परवानाही अडकेल, असं आलेल्या बिलात लिहिलं होतं. रक्कम वाळूच्या पैशांच्या निम्म्याहून जास्त होती.

त्यांनी बिल काकांपुढे सरकवलं. जाड कागद, वर निळी पट्टी, खाली गोल शिक्का. पंपाचा नंबर अचूक. गेल्या वर्षी चार वेळा येऊन तपासणी केली, असं लिहिलेलं. आणि खाली एक ओळ: आपले तंत्रज्ञ यांच्याशी झालेल्या बोलण्यानुसार. पुढे काकांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

आजवर त्यांना तंत्रज्ञ कोणी म्हटलं नव्हतं. आधी छातीत ऊब आली. मग ती हळूहळू गार होत गेली.

गप्प बसले असते तरी चाललं असतं. मॅडमनी सही केली असती, वाळू राहिली असती, हंगाम संपला की काका घरी गेले असते. त्या वीस मिनिटांबद्दल कोणाला कधी कळलं नसतं. दुधाळ पाणी पुढच्या माणसाच्या गळ्यात पडलं असतं.

"सही करू नका. मी खाली जाऊन येतो," एवढं म्हणून ते बाहेर पडले.

पंपघरात त्यांनी दिवा हातात घेतला आणि पंप नव्याने पाहावा तसा पाहिला. काम झालं की खुणा राहतात. नटावर पाना लागला की रंगाचा टवका उडतो. ग्रीस भरलं की तोंडाशी बोटाचा ठसा राहतो. झाकण उघडलं की कडेची धूळ तुटते. चार वेळा माणूस येऊन गेला म्हणजे निदान एक घाण चिंधी तरी कोपऱ्यात पडलेली सापडते. काकांनी एकेक नट पाहिला. सगळ्या खुणा त्यांच्या स्वतःच्या होत्या. प्रत्येक ओरखडा कुठल्या दिवसाचा, हे त्यांना सांगता आलं असतं.

मग दिव्याचा उजेड भिंतीवर गेला आणि पितळी पाटी चमकली.

त्यांनी दिवा तसाच धरून ठेवला. हा नंबर समोरच्या पंपाचा नव्हता. बिडाचा पंप नऊ वर्षांपूर्वी गेला. चार हमालांनी दोराने वर ओढला, भंगारवाल्याच्या गाडीत घातला. काकांनी त्याआधी त्याची पाटी काढून घेतली होती आणि फोनशेजारी भिंतीला लावली होती. नवा पंप हलका, प्लास्टिकच्या अंगाचा, न घुमणारा. त्याच्यावरचा कागदी नंबर पहिल्याच वर्षी ओल लागून गेला. फोनवर काका ज्याच्याबद्दल बोलत राहिले, तो वितळून केव्हाच दुसरं काहीतरी झाला होता. वीस मिनिटं ते स्वप्नातच बोलत होते. पलीकडच्याने ते स्वप्न जसंच्या तसं बिलावर उतरवलं होतं.

त्यांनी चार स्क्रू काढले आणि पाटी घेऊन ते वर आले. ती बिलावर ठेवली.

मॅडमनी दोन्ही नंबर ताडून पाहिले. "जुळतो की, काका."

"जुळतो. पण हा पंप नऊ वर्षांपूर्वी भंगारात गेला. गेल्या वर्षी कोणी तपासला?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग यांच्याकडे हा नंबर आला कुठून?"

"मी दिला," काका म्हणाले. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं, सहीचा शुक्रवार सांगितला तेही, वाळूच्या पैशांचं सांगितलं तेही.

 मॅडम म्हणाल्या की कंपनीच्या वहीत जुना नंबर राहून गेला असेल, असंही होऊ शकतं. आणि खरंच करार मोडला तर? त्यांनी बिलावर छापलेला कंपनीचा नंबर फिरवायला फोन उचलला. काकांनी हात आडवा केला. या कागदावरच्या नंबरवर हीच माणसं असणार, ते म्हणाले. पंप घेतला तेव्हाचं बिल आपल्या कपाटात आहे, त्यावरचा नंबर लावा.

जुनी फाईल सापडायला अर्धा तास गेला. पंप विकणारा दुकानदार फोनवर भेटला. असा करार त्याने कधी केलाच नव्हता. असं बिल घेऊन विचारणारे या महिन्यातले तुम्ही तिसरे, म्हणाला. आधी कोणीतरी गोड बोलून माहिती काढतं, मग तीच माहिती बिलावर छापून येते, त्यामुळे बिल खरं वाटतं. दोघांनी पैसे भरल्यावर त्याला फोन केला होता.

साडेचार वाजता मॅडमचा फोन वाजला. त्यांनी तो टेबलावर ठेवून स्पीकरवर लावला. मुदत अर्ध्या तासात संपतेय, आपल्या भल्यासाठी आठवण करतोय, असं पलीकडचा सांगत होता. काकांनी तो आवाज पहिल्याच शब्दाला ओळखला. तेच मार्दव, तेच थांबून ऐकणं. त्यांनी मॅडमना खूण केली आणि फोनशी वाकले.

"तुमचा माणूस चार वेळा खाली उतरला म्हणता. कुठे डोकं आपटलं त्याने?"

आवाज हसला. असं काही झाल्याचं माहीत नाही, म्हणाला, सगळं व्यवस्थित आहे.

"आणि पंपाचा आवाज कसा आहे आता?"

"छान आहे. जेवण झालेल्या जुन्या माणसासारखा घुमतो."

काकांना हे लागलं. शब्द त्यांचेच होते. बायकोलाही कधी सांगितले नव्हते ते.

"तो नऊ वर्षांपूर्वी वितळला रे बाबा," ते म्हणाले.  पलीकडून फोन बंद झाला.

पाच वाजले. करार मोडला नाही, कारण तो नव्हताच. मॅडमनी बँकेला आणि पोलिसांना कळवलं. दुसऱ्या तलावांच्या व्यवस्थापकांनाही कळवलं. बिल फाडलं नाही, पुरावा म्हणून ठेवलं. काका बोलणी खायची तयारी करून उभे होते. मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही नंबर दिलात. मी पैसे देणार होते. तीन वर्षांत खाली पंप कुठला आहे हे मी पाहिलेलं नाही." त्यानंतर एक रीत पडली. ज्याने काम होताना डोळ्यांनी पाहिलं त्याला दाखवल्याशिवाय बिलावर सही नाही. आजच्या आज भरा म्हणणारं बिल उद्यासाठी बाजूला. आणि विचारायचं ते आपल्या फाईलमधल्या नंबरवर. फोनवर कोणी तलावाबद्दल काही विचारलं तर आधी नाव घ्यायचं आणि आपण उलट फोन करतो म्हणायचं. या शेवटच्या गोष्टीवर काकांनी हूं केलं आणि दुसरीकडे पाहिलं.

पुढच्या आठवड्यात वाळू आली. चाळीस पोती, प्रत्येकी पंचवीस किलो. दोन मजूर वर, काका खाली. दोराने एकेक पोतं उतरवलं. जुनी वाळू आधी बादल्यांनी उपसली, ती भिजलेली, दुप्पट जड. अडीच दिवस गेले. कंबर किती दुखली ते काकांनी कोणाला सांगितलं नाही, घरी झोपताना बायकोने ओळखलं. नवी वाळू भरल्यावर उलटं पाणी मारून ती धुतली, एकदा, दोनदा, पाच वेळा, बाहेर पडणारं पाणी निवळेपर्यंत. मजूर म्हणाले तीन वेळा बास. काका नाही म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी, तलाव बंद असताना, शिडीवर बुटांचा आवाज आला. मॅडम उतरत होत्या. काका ओरडले, "डोकं सांभाळा," आणि त्या वाकल्या. हातात वही होती. तुम्ही जायच्या आधी मला हे सगळं समजून घ्यायचंय, म्हणाल्या. कुठला व्हॉल्व्ह कशाचा, किती वेळाने काय बघायचं. पहिल्या व्हॉल्व्हपासून सुरुवात करा.

अनोळखी आवाजाशी काका वीस मिनिटं सलग बोलले होते. आता समोर माणूस उभं असताना त्यांना एक शब्द सुचेना. ते फडक्याने हात पुसत राहिले. मग त्यांनी मॅडमच्या हातातली वही घेतली आणि खुर्चीवर ठेवली.

"लिहायचं नंतर. आधी इथे हात ठेवा."

मॅडमनी नव्या पंपाच्या अंगावर तळवा ठेवला. काकांनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. काय कळतंय, विचारलं.

"थरथरतोय. एकसारखा."

"हे लक्षात ठेवा. बदललं की बिघडलं."

बराच वेळ दोघं तशीच उभी राहिली. वर, कोणी बघत नसताना, तळाच्या काळ्या रेषा एकेक करून दिसायला लागल्या होत्या.