एक औंस आंबट

"एक औंस. अन् खरं बोला."

औषध मोजायचा रेघांचा काचेचा ग्लास खिडकीच्या उजेडाकडे धरून, एक डोळा बारीक करून कंपाउंडर माप बघत आणि मग ग्लास माझ्या हातात देत. आत जांभळट, वर बारीक फेस आलेलं, आंबट नावाचं पेय असे. मी घोट घेईपर्यंत ते माझ्या तोंडाकडे असे बघत, की परीक्षेच्या निकालाकडे माझ्या वर्गातल्या पोरांनीही कधी तसं बघितलं नसेल.

सोनाळ्यात सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. ते प्रत्येक वेळी दुरुस्ती करत, "डाक्टर नाही, कंपोडर." सरकारी दवाखान्यात बाटल्या उकळण्यात आणि पुड्या बांधण्यात त्यांचा जन्म गेला होता. नोकरी सुटली तरी हात गप्प बसेनात. घरातली वाटी उकळायचे, चमचा उकळायचे. एकदा माझ्या फौंटनपेनची नीब उकळून आणली आणि वर म्हणाले, "आता पाहा मास्तर, कसं सोच्छ अक्षर निंगते." असा एखादा माणूस तुमच्याही आळीत असेल. त्याची नोकरी संपते, पण ती त्याला सोडत नाही.

आंबट मात्र त्यांचं नव्हतं, त्यांच्या बायकोचं होतं. मी काकू म्हणायचो. जांभळांच्या दिवसांत सातपुड्यातून बाया पाट्या घेऊन उतरत. काकू त्याआधीच ज्वारीला मोड आणून, वाळवून, भरडून ठेवत. त्या भरड्याची पातळ आंबील शिजवायची, मडक्यात निवू द्यायची, त्यात जांभळं कुस्करायची, गुळाचा खडा टाकायचा आणि तोंडाला फडकं बांधून मडकं कोपऱ्यात ठेवायचं. काही दिवसांनी ते आतल्या आत कुजबुजायला लागे.

मी तेव्हा एकटा होतो, समोरच्या खोलीत राहायचो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी काकूंनी मला हाक मारून ते प्यायला दिलं. आधी डोळे मिटायला लावणारा आंबटपणा, मग घशाला धरणारा जांभळाचा तुरटपणा, नाकात गुदगुल्या आणि सगळं उतरून गेल्यावर जिभेच्या टोकावर ज्वारीचा मंद गोडवा. उठताना पाय जरा हलके वाटले. दिवस दारूबंदीचे होते, म्हणून मी घरी जाऊन गुमान झोपलो.

काकूंचा एक नियम होता. करणाऱ्यानं पहिला घोट घ्यायचा नाही. तो कंपाउंडर घेणार. ते सावकाश घोट घेत, सावकाश गिळत. काकू दारात उभ्या राहून भलतीकडेच बघत असल्याचं सोंग करत. मग ते म्हणत, "जमलं." एवढंच. त्यानंतर काकू स्वतःचा पेला भरत. संसारात या माणसानं बायकोचं दुसरं काही कौतुक केल्याचं मी ऐकलं नाही. पण त्या एका शब्दावर काकूंचं वर्ष जात असावं.

पुढच्या थंडीत काकू गेल्या.

जांभळं आली तेव्हा कंपाउंडरांनी स्वतः ज्वारी भिजत घातली. सगळं काकूंसारखं केलं आणि मला बोलावलं.

"आतालोक करनारी ते होती, चाखनारा मी होतो. आता करनारा मी हावो. मंग पयला घोट म्या कसा घ्यावा? तुमी तिच्या हातचं पेलं हाये. सांगा, तेच हाये काय?"

मी प्यालो. आंबट होतं, पण नुसतंच आंबट. त्यांच्याशी खोटं बोलवेना.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि सगळं मडकं जास्वंदीच्या बुडाशी रिकामं केलं. स्वतः थेंबसुद्धा चाखला नाही.

असं दरवर्षी व्हायला लागलं. त्यांनी गूळ बदलला, ज्वारी बदलली, मडक्याचा कोपरा बदलला. काकूंच्या जुन्या लुगड्याचं फडकं बांधून पाहिलं. एका वर्षी वासाच्या मागानं पोलीस जमादार आला. कंपाउंडरांनी त्याच्याही हातात ग्लास ठेवला, "पोटाचं औषध हाये, जमादारसायेब." जमादारानं ते घेतलं, मिशी पुसली आणि तो महिनाभर पोटाची तक्रार घेऊन येत राहिला. गावाला हसायला मिळालं. कंपाउंडर हसले नाहीत. जमादारानं काकूंच्या हातचं प्यालेलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या चवीचा त्यांना उपयोग नव्हता.

"मास्तर," एकदा ते म्हणाले, "ते चव आता दोघांच्याच जिभेवर उरली. तुमची बदली झाली तं मी कोनाले इचारू?"

दर उन्हाळ्यात बदल्यांचे हुकूम निघायचे तेव्हा माझ्यापेक्षा त्यांचाच जीव टांगणीला लागलेला असे.

मधल्या काळात माझं लग्न झालं. बायको सोनाळ्याला आली. एका संध्याकाळी कंपाउंडर वाटी घेऊन दारात आले. एकट्या माणसाचं घर, दही सगळं खाऊन टाकलं होतं, विरजणाला उरलं नव्हतं. हिनं वाटीत चमचाभर दही घातलं आणि सहज म्हणाली, "थोडं मागं ठेवत जा ना काका. विरजणच नसलं तर दूध किती का चांगलं असेना, दही कुठून लागणार?"

ते वळले आणि दोन पावलांवर थांबले. वाटीकडे बघत राहिले. मग तिथंच आमच्या उंबऱ्यावर बसले.

"मास्तर, ते मडकं कधीच धूत नव्हती."

मला आधी कळलं नाही.

"दहाव्याले घरातले सारे मडके फेकाले काढले. तिचंबी म्याच नेलं. अंदरून काळं पडलं होतं, बुडाले गाळ होता. म्हनलं, काय हे घान! नवं मडकं आनलं. उकळत्या पान्यानं धुतलं. दरसाल धुऊन राह्यलो." ते वाटीकडेच बघत होते. "थो गाळ नव्हता मास्तर. विरजन होतं. म्याच फेकलं."

वाटीतलं दही त्यांच्या धोतरावर सांडलं, तेही त्यांना समजलं नाही. ही आत जाऊन रडली. सुतकात मडकी टाकायचीच असतात, सगळे टाकतात, असं मी म्हणालो असेन. ते खरंही होतं, पण त्याचा त्यांना काही आधार नव्हता.

त्या दिवसापासून या नीब उकळणाऱ्या माणसानं मडकं धुणं सोडलं. बुडातला गाळ राखून ठेवायचा, पुढच्या वर्षी त्यावरच आंबील ओतायची. घराला आंबूस वास धरला. शेजारणी नाकाला पदर लावून जाऊ लागल्या.

"तिचं विरजन आता काही परत येत नाही," ते म्हणायचे, "पन घर तं तेच हाये. हवा तेच हाये."

एका वर्षी मी म्हणालो, "जवळ आलंय." ते माझा हात धरून बसून राहिले.

पुढच्या वर्षी त्यांनी मडकं भरलं, फडकं बांधलं आणि तापानं अंथरूण धरलं. मडकं कोपऱ्यात कुजबुजत असतानाच ते गेले.

सगळं करायला खामगावहून पुतण्या आला. दहाव्याला मडकी बाहेर निघू लागली तेव्हा मी धावत गेलो. पुतण्यानं तेच मडकं उचललं होतं.

"थांबा जरा," मी म्हणालो. कोनाड्यातला ग्लास घेतला, भरला, उजेडाकडे धरला आणि प्यालो.

डोळे मिटले. घशाला तुरट धरलं. नाकात गुदगुल्या झाल्या. आणि सगळं उतरून गेल्यावर जिभेच्या टोकावर तो ज्वारीचा गोडवा आला.

सवयीनं मी त्यांच्या बाजेकडे वळलो. बाज भिंतीला उभी करून ठेवली होती.

"जमलं," मी तरीही म्हणालो.

"काय म्हनता मास्तर?" पुतण्यानं विचारलं.

मी मडकं मागितलं. "दहाव्याचं मडकं कोनी घरात नेते काय?" तो म्हणाला, पण अडवलं नाही. मी ते घरी आणलं. हिनं सुतकाचं नाव काढलं नाही, मुकाट्यानं कोपऱ्यात जागा करून दिली.

पुढच्या वर्षी जांभळं उतरली तेव्हा मी ज्वारीला मोड आणले. मडकं धुतलं नाही. ते कुजबुजून शांत झालं, तशी मी फडकं सोडलं, ग्लास भरला आणि खिडकीच्या उजेडाकडे धरला. माप बरोबर एक औंस होतं.

आता करणारा मी होतो. पहिला घोट दुसऱ्यानं घ्यायचा होता, आणि ती चव माहीत असलेलं दुसरं कुणी उरलं नव्हतं. ग्लासावरचा फेस विरून गेला, तरी मी ग्लास तसाच हातात धरून उभा होतो.