काहीच आणू नका

पूर ओसरून तीन आठवडे झाले होते, आणि जावं की जाऊ नये यावरून आम्हा अकरा जणींमध्ये अबोला धरायची वेळ आली होती.

आम्ही भिंगारमधल्या निवृत्त शिक्षिका. दसरा झाला की जामखेड तालुक्यातल्या एका धबधब्यावर सहल काढायची, हा आमचा सात-आठ वर्षांचा शिरस्ता. धबधबा पाहायचा, दरीतल्या महादेवाला पाणी घालायचं आणि वर आलं की वाटेवरच्या एका घरी पैसे देऊन जेवायचं. पत्र्याच्या शेडखाली सतरंजी, गरम भाकरी, आमटी, शेंगदाण्याची चटणी. खरं सांगायचं तर आम्ही त्या आमटीसाठीच जायचो.

यंदा ती शेड पुरात वाहून गेली. घरातही कमरेएवढं पाणी शिरलं होतं.

‘लोकांच्या घरात चिखल आणि आपण तिथे फोटो काढणार? शोभतं का?’ असं मीच ग्रुपवर लिहिलं. जायचंच म्हणणाऱ्यांनीही शेवटी अंगठे दिले. शिकवायची खोड निवृत्त होत नाही. स्वतःवर मी चांगलीच खूश होते.

दुसऱ्याच दिवशी त्या घरच्या बाईचा फोन आला.

“बाई, यंदा येनार न्हाई व्हय?”

मी पुराबद्दल हळहळायला लागले. तिनं मध्येच तोडलं.

“त्ये झालं. पूर गेला, पर मानसं बी गेली. रविवारी एक गाडी थांबंना. मालक म्हनत्यात, मंगळवारी मुकादमाची गाडी येतीय, ऊसतोडीला जाऊ. पोरीला बी न्यावं लागन, हितं ठिवायची कुनापाशी? मी म्हनलं, ह्यो एक रविवार बघू. लोकं जेवाया आली तर ऱ्हायचं. तुमी या. काहीच आनू नका, नुसतं या.”

तिची मुलगी सातवीत. वर्षाच्या मध्यात फडावर गेलेल्या मुली मी वर्गात पाहिल्या आहेत, म्हणजे त्यांच्या रिकाम्या जागा पाहिल्या आहेत. मी लगेच उलटी फिरले आणि सगळ्यांना फोन लावत सुटले: जायचंच.

मग आमच्यातली सर्वांत समंजस मैत्रीण म्हणाली, “जाऊ या. पण त्यांचं धान्य भिजलेलं, आणि आपण अकरा जणी ताटावर बसायचं? डबे नेऊ. तिला जेवणाचे पैसे तसेच देऊ.”

मला ते फारच पटलं. ‘काहीच आणू नका’ असं तर आपल्याकडे सगळेच म्हणतात. खरंच रिकाम्या हाती गेलेल्या माणसाला नंतर नावं ठेवतात. आम्ही गाडीच्या मागच्या सीटवर पिठाच्या पिशव्या, तेल, बिस्किटं आणि साड्यांची दोन बोचकी रचली. मी पहाटे उठून दशम्या आणि बटाट्याची भाजी केली.

जामखेड मागे पडलं तशा गप्पा आटल्या. शेतांतली माती खरवडून गेली होती आणि खालचे दगड उघडे पडले होते. गावाअलीकडच्या फरशी पुलाची एक बाजू तुटलेली. ड्रायव्हर म्हणाला, “उतरा सगळ्या, गाडी रिकामी घालतो.” आम्ही एकमेकींचे हात धरून चालत पलीकडे गेलो. खाली पाणी अजून गढूळ होतं आणि त्याचा आवाज पायांत जाणवत होता. एकीनं मोबाईल काढला. मी डोळे वटारले, तिनं तो परत पर्समध्ये टाकला.

घरासमोर नवी ताडपत्री बांधली होती. जमीन सारवलेली, पण ओल अजून वर येत होती. मुलगी रविवार असूनही शाळेच्या गणवेशात होती. बाई हसत पुढे आली. तिचा नवरा कोपऱ्यात मोबाईल घेऊन उभा होता. “राम राम, बाई,” एवढंच म्हणाला आणि गाडीतून कोण कोण उतरतंय ते बघत राहिला.

आम्ही पिशव्या आणि बोचकी ओट्यावर ठेवली.

“आनू नका म्हनलं हुतं,” ती म्हणाली. तिचं हसू कमी झालं. मी ते हसण्यावारी नेलं.

धबधब्याकडे कुणी गेलं नाही. आज ते बरं दिसणार नाही, असं आम्ही गाडीतच ठरवलं होतं. सतरंजीवर बसलो, थोडी विचारपूस केली आणि डबे उघडले. स्टीलच्या झाकणांचा एकच आवाज झाला.

त्याच वेळी ती आतून ताटं घेऊन आली. अकरा ताटं, एकावर एक. ती उंबऱ्यातच थांबली. तिच्या मागे चूल पेटलेली होती आणि टोपल्यात फडक्याखाली भाकरी. आमटीचा वास तर मला आल्यापासून येत होता.

“तुला त्रास नको म्हणून गं,” मैत्रीण म्हणाली. आणि तेवढ्यात दुसरी, काळजीनंच, म्हणाली, “पाणी मात्र बाटलीतलंच घ्या हं सगळ्या.”

नवऱ्यानं ते ऐकलं. त्यानं मोबाईल कानाला लावला. “व्हय मुकादम. मंगळवारी. आमी दोघं, आन पोरगी.”

मी झटकन उठले. “डबे बंद करा. वाढ गं, आम्ही इथेच जेवणार.” तिनं वाढलं. आम्ही जेवलो. आमटी तशीच होती, पण पुन्हा वाढ असं कुणी म्हटलं नाही.

निघताना मी पैसे पुढे केले. नवऱ्यानं हात मागे घेतला.

“ऱ्हाऊ द्या, बाई. तुमी समाचाराला आला. दुखाचं इचारायला आलेल्या मानसाकडनं जेवनाचं पैशे घेत न्हाईत.”

“अहो, समाचार कसला? आम्ही दरवर्षीसारख्या सहलीलाच आलो!”

“सहलीची मानसं धबधबा बघत्यात,” तो शांतपणे म्हणाला. त्यानं ओट्यावरच्या बोचक्यांकडे पाहिलं. मला माझीच लाज वाटली.

सोमवारी दिवसभर मी ओळखीपाळखीच्यांना फोन केले. पुढच्या रविवारी दोन गाड्या जातील, जेवण तिथेच, डबा कुणीही आणायचा नाही, अशी तंबी दिली. त्या बाईचा फोन मात्र लागत नव्हता. तो लागला मंगळवारी दुपारी, आणि पलीकडून ट्रकचा आवाज आला.

मी दोन गाड्यांचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“बाई, आता लई लांब आलो.”

“मुलगी कुठेय?”

“ही काय, शेजारीच हाय. शाळंचा ड्रेस घालून बसलीय. काढ म्हनलं, फडावर घान हुईल, तर काढंना.”

मग ती म्हणाली, “पुढल्या साली या. धबधबा बघाया या.”