चार मजल्यांचं कलादालन

जगातली बघण्यासारखी कलासंग्रहालयं कोणती, असा विषय निघाला की आमच्याकडचे फिरून आलेले लोक माझ्याकडे न बघता बोलतात. हिला काय ठाऊक, ही कधी विमानात बसली नाही. बसले नाही, खरं आहे. पण कोणी विचारलंच तर मी मजल्याप्रमाणे सांगते. तळमजल्यावर मीटरच्या पेटीशेजारी ॲमस्टरडॅम. पहिल्यावर माद्रिद, दुसऱ्यावर फ्लॉरेन्स, तिसऱ्यावर पॅरिस. आणि चौथ्यावरून गच्चीकडे जाताना, पाण्याच्या टाकीखाली, लेनिनग्राड. तेव्हा ते लेनिनग्राडच होतं.

आम्ही गिरगावातली खोली सोडून भाईंदर पूर्वेला, गोडदेवला राहायला आलो ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. मी कॉलेजात होते. इमारत नवी कोरी. पाणी एक दिवसाआड यायचं, पण जिन्याला बिल्डरने झकास पिस्ता रंग दिला होता. सहा महिन्यांत त्या पिस्त्यावर प्रत्येक वळणाला पानाच्या पिचकाऱ्या उडल्या. कोण थुंकतं ते कोणालाच माहीत नव्हतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

यावर आपल्याकडे एकच उपाय असतो. कोपऱ्याकोपऱ्यात देवांच्या टाइल्स बसवायच्या. एकीवर गणपती, एकीवर साईबाबा, एकीवर क्रूस, एकीवर मक्का, म्हणजे कुठल्याच धर्माच्या माणसाला थुंकायची सोय राहत नाही. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनीही तेच ठरवलं. हे तिसऱ्या मजल्यावरचे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, फायलीशिवाय त्यांना करमायचं नाही. माझं मात्र डोकं फिरलं. थुंकणाऱ्याला बोलायची हिंमत नाही म्हणून देवाला राखणीला बसवायचं? देवाला दुसरी कामं नाहीत?

माझे बाबा लोअर परळच्या एका छापखान्यात मशीनमन होते. तिथे दर वर्षी एका परदेशी कंपनीचं मोठं कॅलेंडर छापलं जाई. प्रत्येक महिन्याला जगातल्या एकेका संग्रहालयातलं एक चित्र, आणि खाली बारीक अक्षरात चित्रकाराचं, संग्रहालयाचं आणि शहराचं नाव. कागद मशीनमधून चार वेळा जायचा, दर वेळी एक रंग चढायचा. एखादा रंग केसभर सरकला की ते शीट बाद. बाद शीट कामगारांनी घरी न्यायची, ही तिथली रीतच होती. आमच्या फळ्यांवर, ट्रंकेत, माझ्या पुस्तकांच्या कव्हरांवर सगळीकडे युरोप अंथरलेला असायचा. कुणाचे ओठ हनुवटीवर उतरलेले, कुणाला दोन-दोन नाकं. मला ते तसेच आवडायचे. मूळ कसे असतील याची मला फिकीरच नव्हती.

एका रविवारी मी कणकेची खळ शिजवली आणि टाइल्स यायच्या आत जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक चित्र चिकटवून टाकलं. बाबा पिशवी घेऊन वर येत होते. ॲमस्टरडॅमपाशी थांबले.

"माझं वेस्टेज जिन्यात कशाला लावतेयस?"

"लोकांनी बघावं म्हणून."

"लोक बघतील म्हणूनच म्हणतोय," ते म्हणाले आणि वर निघून गेले. त्यानंतर ते जिना चढताना पायऱ्यांकडेच बघून चढायचे. मला वाटायचं, दमले असतील.

चित्रांचा गुण आला, हे मात्र मान्य करायला हवं. थुंकणं बंद नाही झालं, पण निम्म्यावर आलं. पोरं शहरांची नावं वाचत शाळेत जाऊ लागली. उत्तनकडच्या चौक गावातून एक मावशी मासळीची टोपली घेऊन आमच्या चौथ्या मजल्यावर यायच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या चित्रात बाळाला मांडीवर घेतलेली आई होती. तिच्यापुढे टोपली उतरवून त्या छातीशी क्रूसाची खूण करायच्या. "आमची माय हाय ती. हिच्यावर कोन थुकल?" मी त्यांना म्हणायचे, मावशी, ते चित्र आहे. त्या म्हणायच्या, "मंग माय न्हाय काय?"

घोटाळा झाला तो माद्रिदमुळे. पहिल्या मजल्यावर एक थाळी होती, थाळीत सुरी, काचेचा पेला आणि पाच-सहा पांढरीशुभ्र अंडी. समोरच राहायच्या एक गुजराती मासी. जैन कुटुंब, कांदासुद्धा दाराच्या आत येत नसे. मला फार जीव लावायच्या. त्यांनी महिनाभर कळ काढली, मग एक दिवस मला थांबवलं. "बेटा, बाकी सब रहने दे. खाली ये अंडा हमारे सामने से निकाल दे ना."

काढायला हवं होतं. एक चित्र वर-खाली केलं असतं तर काय बिघडणार होतं? पण माझ्या अंगात तेव्हा असं वारं भरलेलं असायचं की मी म्हटलं, मासी, भिंतीवरचं अंडं कोणाच्या ताटात येत नाही. त्या गप्प बसल्या. सेक्रेटरी कशाला बसतील? त्यांनी बोर्डावर नोटीस लावली. गच्चीवर सभा. विषय क्रमांक तीन, जिन्यातली अनधिकृत चित्रे.

रविवारी सकाळी सगळे गच्चीवर सतरंज्यांवर बसलो. मासी म्हणाल्या, "मेरे को झगडा नहीं करना है. पर सुबह दरवाजा खोलते ही अंडा दिखता है." मी उठले आणि सुटलेच. पिचकारी दिसलेली चालते आणि अंडं चालत नाही? उद्या बाळाच्या आईवरही हरकत घ्याल, परवा आम्ही घरात काय शिजवतो त्यावर घ्याल! दोन्हीकडून आवाज चढले. कोणी म्हणालं पोर फार शेफारलीय, कोणी म्हणालं बापाने लाडावलीय.

तेव्हा बाबा उभे राहिले. सभेत ते कधी तोंड उघडत नसत.

"अंडी नाहीत ती. लिंबं आहेत."

बाबांनी जिन्याकडे हात केला.

"पिवळा चढायचा राहिलाय. मशीनने दोन शीट एकदम ओढली, वरच्यावर रंग बसला, खालचं तसंच गेलं. माझं लक्ष नव्हतं. बाकीच्या चित्रांचंही तेच, ओठ सरकलेत ते माझ्याच हातून. चुका माझ्या आहेत. पोरीला बोलू नका."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या चित्रांत मी युरोप बघत होते, आणि बाबांना मजल्यामजल्यावर आपल्या चुका टांगलेल्या दिसत होत्या. रोज दोनदा त्या जिन्यातून जात होते बिचारे. आणि मी लिंबांना अंडी समजून जगाशी भांडत होते.

"नींबू?" मासींना हसू फुटलं. "अरे, तो फिर रहने दो ना!"

पण सेक्रेटरी हसले नाहीत. "म्हणजे धड चित्रंही नाहीत ही. छापखान्याने टाकून दिलेली रद्दी. मालकाला नको ते आपण भिंतीला लावायचं? मग तर काढायलाच हवीत." आणि त्यांनी हात वर करायला सांगितले. अंड्यांवर जे माझ्या बाजूचे होते, त्यांतले बरेचसे रद्दीवर त्यांच्या बाजूला गेले. मासींचा हात आमच्या बाजूने वर होता, पण मतं पुरली नाहीत. पुढच्या रविवारपर्यंत जिना मोकळा करायचा, असा ठराव झाला.

तो ठराव फायलीतच राहिला, हे आधीच सांगून टाकते. टाइल्स आल्या आणि मीटरच्या पेटीवर धूळ खात पडल्या. चित्रांना हात लावायला कोणी धजावलं नाही. पुढे कितीतरी वर्षांनी इमारतीला नवा रंग काढला तेव्हाच ती गेली. कोणी का धजावलं नाही, त्याचं कारण त्याच सकाळी घडलं.

सभा संपल्यावर मी बाबांना म्हटलं, मी आत्ताच काढते सगळी. खरंच काढणार होते, मला रडू येत होतं. बाबांनी शर्टाच्या खिशातलं बॉलपेन काढलं आणि लेनिनग्राडसमोर उभे राहिले. खाली छापलेल्या बारीक ओळी त्यांनी बोट ठेवून वाचल्या. चित्रकार, संग्रहालय, शहर. त्यांच्याखाली वळणदार मराठीत लिहिलं, 'छपाई', आणि पुढे स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मग पॅरिस. मग फ्लॉरेन्स. मी मागे-मागे उतरत होते आणि गच्चीवरून खाली निघालेली सगळी सभा आमच्या मागे खोळंबली होती. माद्रिदपाशी बाबांनी नावाखाली आणखी एक ओळ लिहिली, 'पिवळा राहिला'.

सेक्रेटरी फाइल काखेत मारून दोन पायऱ्या वर उभे होते.

"अहो, स्वतःच्या चुकांवर सह्या करताय?"

बाबांनी पेनला टोपण लावलं, आणि कितीतरी दिवसांनी त्या जिन्यात मान वर केली.

"मग काय, तुमच्या चुकांवर करू?" म्हणाले, आणि ॲमस्टरडॅमकडे उतरले.