कोपरा कापलेली अकरा कार्डं

आमच्या सासऱ्यांचा तेरावा ते हयात असतानाच झाला, आणि त्याला मी आणि घरातली कात्री अशा आम्ही दोघी जबाबदार आहोत.

मी मूळची भंडाऱ्याकडच्या खेड्यातली. पाचवीत शाळा सुटली. (सुटली म्हणजे मीच सोडली. घरी धाकटी भावंडं सांभाळायला कोणी नव्हतं, आणि भागाकार मला तसाही जमत नव्हता.) एवढ्या लांबची, एवढी कमी शिकलेली मुलगी मुलुंडच्या घरात सून म्हणून नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पसंत केली. हुंडा घेतला नाही. वर रोज सकाळी चहा पिता पिता पेपरातल्या मोठ्या अक्षरांच्या बातम्या माझ्याकडून वाचून घ्यायचे आणि अडले की म्हणायचे, "सावकाश. बातमी कुठे पळून जात नाही." अशा माणसासाठी मी काहीही केलं असतं. आणि केलंच!

ऐंशी साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. नानांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. तीन आठवडे हॉस्पिटलात काढून ते घरी आले ते निम्मेच आले. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं : जिना नाही, राग नाही, दगदग नाही. नाना दिवसभर कॉटवर पडून छताकडे बघत आणि मधूनच विचारत, "रामनवमी कधी आहे गं?"

आमच्याकडे रामनवमी मोठी. सकाळी भजन, मग पोथीतला जन्माचा अध्याय आणि बाराच्या ठोक्याला राम पाळण्यात. फक्त पाळणा नव्हता! सात वर्षांपूर्वी वाटणी झाली तेव्हा पितळेचा राम नानांकडे आला आणि पितळेचा पाळणा जोगेश्वरीला अण्णांकडे, म्हणजे नानांच्या थोरल्या भावाकडे गेला. त्यावरून दोघांचं बोलणं बंद. तेव्हापासून आमचा राम भाजीच्या टोपलीत झोके घेत होता आणि तिकडे अण्णा पाळण्यात नारळ घालून झुलवत होते. नाना दर वर्षी अण्णांना बोलावण्याचं पत्र टाकत. अण्णा दर वर्षी येत नसत.

"या वर्षी यायला हवा गं तो," नाना मला म्हणाले. "पुढच्याचं काही खरं नाही. माझा हात थरथरतो, पत्रं तू लिही."

"मी?"

"तुझं अक्षर वळणदार आहे."

माझ्या अक्षराला कुणी वळणदार म्हटल्याची ही पहिलीच वेळ. अकरा पोस्टकार्डं घेऊन मी जमिनीवर बसले. स्वयंपाकघरातून सासूबाईंचा, माईंचा आवाज आला, "थोडक्यात लिही गं शालू! आणि कोपऱ्यांना हळदकुंकू लाव!"

मी थोडक्यात लिहिलं. "गुरुवारी सकाळी दहा वाजता नानांच्या घरी पोथी व भजन आहे. सर्वांनी यावे. कोणी काही आणू नये. दुपारी सर्व आटोपल्यावर जेवून जावे." खाली आमच्या ह्यांचं नाव घातलं. 'रामनवमी' हा शब्द घातला नाही. गुरुवारी रामनवमी आहे हे कॅलेंडरात छापलेलंच असतं, ते मी पुन्हा कशाला लिहू? वर डाव्या कोपऱ्यात, शाळेत शिकवलं होतं तसा, बारीकसा 'श्री' मात्र आठवणीनं काढला.

मग हळदकुंकू. ते मी वाटीत पाण्यात कालवलं आणि वेळ वाचावा म्हणून आधी सगळ्या कार्डांचे वरचे डावे कोपरे रांगेत लावून टाकले. पाणी जास्त झालं होतं. अकराच्या अकरा कोपऱ्यांवर कुणी पान खाऊन पिंक टाकावी तशी अवकळा आली! 'श्री' तर दिसेनासाच झाला. पहिलं काम, आणि त्यात ही घाण? नवी कार्डं मागायची हिंमत होईना. मी कात्री आणली आणि अकराही कोपरे तिरके, अगदी सारखे, कापून टाकले. फार सुबक दिसत होती कार्डं. उरलेल्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावायच्या भानगडीत मी पडलेच नाही. दुसऱ्या दिवशी ह्यांनी कामावर जाता जाता ती पेटीत टाकली. (बघितली नाहीत. आमच्या ह्यांचे डोळे सकाळी जे उघडतात ते थेट कंपनीच्या गेटवर.)

आता मला कोण सांगणार, की कोपरा कापलेलं, 'श्री' नसलेलं कार्ड म्हणजे माणूस गेल्याची खबर? असं कार्ड उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, दारातच वाचून फाडून टाकतात! आमच्या गावात मेल्याची खबर सांगायला माणूस चालत यायचा आणि अंगणातूनच सांगून परत जायचा. आयुष्यात आमच्या घरी पत्र असं आलं ते एकच, माझ्या लग्नाचं.

गुरुवार उजाडला. इमारतीतल्या सावंतकाकू पेटी आणि चार बायका घेऊन आल्या. नानांना त्रास नको म्हणून माईंनी त्यांना हळू आवाजात गायला सांगितलं होतं. चांगलं उड्या मारायचं भजन, पण त्या इतक्या दबक्या आवाजात म्हणत होत्या की ऐकणाऱ्याचे डोळे भरून यावेत. तेवढ्यात दारात घाटकोपरच्या आत्या उभ्या राहिल्या. नानांची धाकटी बहीण. पांढरं पातळ, केस मोकळे, रडून रडून डोळे सुजलेले.

"वहिनी गं!" म्हणून त्यांनी माईंच्या गळ्यात मिठी मारली. "तेरा दिवस! तेरा दिवस सख्ख्या बहिणीला कळवलं नाहीस!"

माई गोंधळल्या. "अगं, पत्र टाकलं की."

"काल आलं! जेवणाचं पत्र तेवढं आलं!" आत्यांनी मान वर केली आणि माईंच्या कपाळाकडे बघत राहिल्या. "वहिनी... अजून कुंकू लावतेस?"

"मग काय करू?"

"आणि हिरवी साडी!"

"सणाचं दुसरं काय नेसणार?"

"धीराची आहेस हो तू," आत्या हुंदका देत म्हणाल्या. "आणि बघ ना, तेरावा नेमका रामनवमीला आला. पुण्यवान माणूस!"

"कोण गं आलंय?" आतल्या कॉटवरून नाना म्हणाले.

आत्यांनी जी किंकाळी फोडली, तिनं सावंतकाकूंची पेटी बंद पडली.

पुढची दहा मिनिटं कुणाला कांदा हुंगवावा हेच कळत नव्हतं. आत्या जमिनीवर, माई त्यांच्या डोक्याशी, नाना दारात भिंतीला धरून. आत्यांनी अडखळत कोपऱ्याची गोष्ट सांगितली आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"घाण झाला होता म्हणून कापला," मी म्हणाले.

"अकराही?" माईंनी विचारलं.

"सारखे दिसायला हवेत ना."

कुणी हसलंसुद्धा नाही. नाना फक्त एवढंच म्हणाले, "म्हणजे अण्णालाही तेच गेलंय?" आणि त्यांचा चेहरा कागदासारखा झाला. माई मला म्हणाल्या, "खाली जा. धावत जा. तो वर यायच्या आत गाठ. असा एकदम आला तर एकाच्या जागी दोघं जातील!"

अण्णांना मी पाहिलंही नव्हतं. पण शोधावं लागलं नाही. जिन्याच्या पहिल्याच पायरीवर एक म्हातारा बसला होता. नाक नानांचंच. हातात टोपी चुरगाळलेली. वरून भजन पुन्हा सुरू झालं होतं, त्याच दबक्या आवाजात.

"तू सून का?" त्यांनी विचारलं. "दोनदा चढायला गेलो. पाय उचलत नाही. शेवटी... माझ्याबद्दल काही बोलला का तो?"

मला खरं सांगायचं होतं. पण तोंडातून निघालं भलतंच. मी म्हणाले, "बोलतात. रोजच बोलतात."

"बोलतात?"

"वर आहेत. टोपली धुतली का म्हणून विचारत होते."

अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. मग खिशातून ते कार्ड काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"मीच कापलं," मी रडत म्हणाले. "चुकून."

अण्णा उठले आणि न थांबता तीन जिने चढले. मला वाटलं, आता हे वर जाऊन भांडणार आणि नाना आज खरंच जाणार. पण दारात ते अडखळले. नाना लोडाला टेकून बसले होते.

"आलास?" नाना म्हणाले.

"मेलास म्हणून आलो."

"सात पत्रं टाकली, सातही वेळा जिवंत होतो. तेव्हा नाही आलास."

"त्या पत्रांना कोपरे होते," अण्णा म्हणाले आणि मटकन खाली बसले.

नाना हसायला लागले. छाती धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. डॉक्टरांनी जिना, राग आणि दगदग मना केली होती. हसण्याचं मी विचारायचीच राहिले होते! मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी, आणि मनात फक्त एक, की देवा, निदान माझ्यामुळे तरी नको.

जन्माचा अध्याय नानांनी मलाच वाचायला लावला. ओळीवर बोट ठेवून, अक्षर लावत. बाराला पाच मिनिटं कमी होती आणि राम जन्माला यायला अजून दोन पानं होती. नानांनी ह्यांना घड्याळाचे काटे मागे घ्यायला सांगितले. "सूनबाई पोचल्या नाहीत अजून. राम थांबेल." रामाचा जन्म आमच्याकडे त्या वर्षी बारा वीसला झाला. बाकीच्या नऊ कार्डांची माणसं तोवर आली होती, त्यांना ह्यांनी जिन्यातच गाठून खरं सांगितलं होतं. टोपलीची दोरी अण्णांनी ओढली. जेवून जाताना म्हणाले, "पुढच्या वर्षी पाळणा घेऊन येतो."

पाळणा आलाही. पण राम घालायला नाना नव्हते.

त्याच वर्षी श्रावणात, सकाळी साडेदहाला, हॉस्पिटलात नाना गेले. माईंजवळ अण्णाच बसले होते. हे कागदपत्रांच्या मागे धावत होते. जाता जाता म्हणाले, "आत्याला फोन कर. तिच्या शेजाऱ्यांकडे लागतो, ते बोलावतात. तूच कर." हॉस्पिटलातल्या नाणं टाकायच्या फोनच्या रांगेत मी सगळे शब्द मनात तीन वेळा जुळवले. या वेळी कुठेही चूक नको होती.

"आत्या, मी शालू. नाना गेले."

पलीकडून आत्यांचं हसू ऐकू आलं. "हो का? आणि जन्म किती वाजता आहे?"

"आत्या, खरंच गेले."

"या खेपेला मी नाही फसायची गं बाई. गोडाचं काय केलंयस ते सांग."

मी तिथेच, रांगेतल्या लोकांसमोर, मोठ्यानं रडायला लागले.

"छान करतेस हो," आत्या म्हणाल्या. "बरं, पुरे आता. फोन दे नानाला."

त्या घरात मी आजवर एकच बातमी बिनचूक दिली, आणि तीसुद्धा शेवटी अण्णांना येऊन माझ्या हातातला फोन घेऊन पुन्हा द्यावी लागली.